बाईसाहेबांचं बाळंतपण

३ फेब्रुवारी

धाकल्या,

तुझी बाईसाहेब पोटुशी आहे. घे, पहिल्याच ओळीत सांगून टाकलं, म्हणजे पत्र उलटसुलट करून वाचायला नको.

बोटीवर चढताना काय म्हणाला होतास? "ताई, सरडी पाळायला काय लागतं? सकाळी दिवा लावायचा, पानांवर पाणी शिंपडायचं, चार झुरळं घालायची, संध्याकाळी दिवा बंद." ऐकलं मी. सूतिकागृहात अख्खी नोकरी झुरळं मारण्यात गेली आणि निवृत्त झाल्यावर तीच डब्यात पाळायची वेळ आली, तरी ऐकलं. वर शेजारची शिंपीणबाई हसते. म्हणते, लोक म्हातारपणी नातवंडं खेळवतात, तुम्ही झुरळांना गाजर किसून घालता.

गेल्या आठवड्यापासून बाईसाहेब हिरवी राहिलेलीच नाही. अंग काळपट, त्यावर पिवळे नि निळे ठिपके. मी जवळ गेले की तोंड वासून फिस्कारते. आधी वाटलं आजारी आहे, पण आजारी जीव असा अधाशासारखा खातो का? मग पोट चाचपून पाहिलं. चावली, चावू दे. दोन्ही कुशींना गोट्यांसारखं हाताला लागतं. माझ्या बोटांना हे कुणी शिकवायला नको.

आता मला एवढंच सांग, बाप कोण? त्या खोलीत ती आणि मी, दोघीच. पिंजऱ्याला जाळी. बोटीवर काही भानगड झाली असेल तर आत्ताच कबूल कर.

आणि पुढे काय करायचं ते लवकर कळव. मला घरात बसवत नाही. दर थोड्या वेळाने उठून त्या खोलीत जाऊन येते.

तुझी ताई

१९ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र बंदरावर मिळालं आणि भटारखान्यात मोठ्याने वाचून दाखवलं. "भानगड" या शब्दाला टाळ्या पडल्या.

बाप कुणीच नाही. कोंबडी नाही का कोंबड्याशिवाय अंडी घालत? तशीच ही. पिल्लं निघायची नाहीत, पण अंडी मात्र घालावीच लागतात. आणि इथे हसणं संपतं, ताई. नाही घातली तर ती आतच अडकतात आणि ती मरते. मी हिला ज्याच्याकडून आणली त्या आमच्या बोटीवरच्या वायरमनची आधीची एक अशीच गेली. त्याने तिला वाळूच दिली नव्हती. हिला माझ्या हातात देताना तो म्हणाला होता, "ही अंड्यावर आली तर मला बघवणार नाही, तू सांभाळ." मी मोठ्या ऐटीत हो म्हणालो, आणि आता मी इथे कांदे सोलतोय.

तर तुझी कपडे भिजवायची मोठी खोल बादली घे. काठोकाठ नको, पण हातभर तरी वाळू भर. धुतलेली आणि ओली, म्हणजे मुठीत दाबली तर गोळा व्हायला हवा, पण पाणी निथळायला नको. बादली पिंजऱ्यात ठेव आणि पिंजऱ्याभोवती चादर लाव. झुरळांना कॅल्शियमची पूड चोळून दे. दिवस भरत आले की ती खाणं सोडेल आणि खाली उतरून येरझाऱ्या घालायला लागेल. तेव्हा उगाच डोकावू नकोस. कुणी बघतंय असं वाटलं तर ती काम टाकून देते.

बाकी तुला काय सांगायचं! आमच्या गल्लीतली निम्मी माणसं तुझ्याच हातात पहिल्यांदा रडली. बाईसाहेबांचं नशीब थोर म्हणून तुझ्याकडे आहे. ती माझी आहे म्हणण्यासारखी या जगात एवढी एकच वस्तू आहे, हे मात्र ध्यानात ठेव.

धाकला

४ मार्च

धाकल्या,

सूचना मिळाल्या. उंटावरून शेळ्या हाकणं ऐकलं होतं, बोटीवरून सरड्या हाकणं आता बघितलं.

पण सगळं तसंच केलंय. किंबहुना जास्तच. वाळू चाळली, उकळत्या पाण्याने धुतली, उन्हात वाळवली आणि परत भिजवली. चादर माझ्या पांढऱ्या चादरींपैकी आहे, कडक इस्त्रीची.

डोकावू नकोस म्हणतोस. अरे, पेशंटकडे बघायचं नाही तर नर्सने काय लोकर विणत बसायचं? मी डोकावत नाही, मी तपासते. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा आणि दिवा बंद करायच्या आधी एकदा. मधे कधी आवाज आला तर तेवढंच. पोट आता दोन्हीकडून असं टरारलंय की चालताना बाईसाहेब डुलते.

तुझ्या बाईसाहेबांना शिस्त मात्र काडीची नाही. दिवसभर बादलीत उतरून उकरत असते. कोपऱ्यात भोक पाडते, निम्मं अंग आत घालते, मी चादर उचलली की दगड होऊन माझ्याकडे एक डोळा फिरवते, आणि थोड्या वेळाने सगळं तसंच टाकून वर चढते. पिंजराभर वाळू! मी काही कंटाळत नाही. रोज सकाळी सगळी वाळू परत भरते, ओल बघते आणि वरून हाताने छान सपाट करून ठेवते. आमच्या वॉर्डात उजाडलं की बाळंतिणीची चादर बदललीच पाहिजे, मग ती कितीही कुरकुरो. चुरगळलेल्या गादीवर कुणाला बाळंत व्हावंसं वाटेल?

तरी रोज उकरतेच. परवापासून खाणंही सोडलंय. तू म्हणालास तसंच होतंय, म्हणजे आता आज-उद्याच. काळजी करू नकोस, मी क्षणभरही नजर हटवत नाही.

रात्री नीट झोपत जा. भटारखान्यात अनवाणी फिरू नकोस.

तुझी ताई

तार, १४ मार्च

वाळू सपाट करू नकोस. ती खणते तेच तिचं बाळंतपणाचं घर. चादर लाव. खोलीबाहेर जा. बघू नकोस. पत्र मागाहून. धाकला

१४ मार्च

ताई,

तार केली आणि लगेच हे लिहायला बसलो, कारण तारेत भांडता येत नाही.

ती करते तो पसारा नाही. तळापर्यंत ती बोगदा खणते, आत जाऊन वळते, तिथे अंडी घालते आणि मग स्वतःच सगळं बुजवते. हे काम तिला एकांतात करायचं असतं. तू काय करत होतीस? दिवसा तिला कामावरून उठवत होतीस आणि उजाडलं की तिचं घर पाडत होतीस. जेवढी ताकद होती तेवढी तिने रोज नव्याने खणण्यात घालवली असणार. तुझं पत्र मला किती उशिरा मिळालं ते तारखेवरून बघ. मधे किती सकाळी गेल्या ते मोजायचं धाडस मला नाही.

मी आधी सांगायला हवं होतं, हे खरं. पण वाळूचा खड्डा कुणी कुरवाळून सपाट करील, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. यायला हवं होतं. तुला मी काय आज ओळखतो?

तुला बघितल्याशिवाय राहवतच नाही, ताई. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, ते विसरलो तर माझ्यासारखा कृतघ्न नाही. पण मी झोपलो की टॉर्चचा झोत तोंडावर, श्वास चालू आहे ना बघायला. शाळेत मधल्या सुट्टीत भिंतीवरून तुझं डोकं, पांढऱ्या टोपीसकट. पोरं ओरडायची, "आली रे, इंजेक्शन आलं!" पहिली नोकरी लागली त्या खाणावळीत तू मागच्या दाराने आलीस आणि मालकासमोर माझ्या पातेल्यात चमचा घालून म्हणालीस, "मीठ कमी आहे." कमी नव्हतं.

बोटीवर का गेलास, असं सगळे विचारतात. मी सांगतो, समुद्राची आवड. ताई, मला पोहतासुद्धा येत नाही. तुला डोकावता येणार नाही अशी ती एकच जागा मला सापडली.

लिहिलं ते लिहिलं. आता खोडत नाही. बाईसाहेब कशी आहे ते कळव.

धाकला

१६ मार्च

धाकल्या,

तार काल मिळाली. "तेच तिचं घर." हे आधीच्या पत्रात लिहायला शाई महाग झाली होती का? वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

पण आज भांडायचं त्राण नाही. बाईसाहेब बरी नाही. काल दुपारपासून पिंजऱ्याच्या तळाशी बसली आहे. भर दिव्याच्या उजेडात डोळे मिटलेले. फिस्कारतसुद्धा नाही. मी हात जवळ नेला तरी रंग बदलला नाही.

गुरांच्या डॉक्टरकडे नेली. त्याने अशी पेशंट पहिल्यांदाच बघितली, पण माणूस सरळ आहे, ओळखीच्याला फोन करून विचारून आला. कॅल्शियमचं इंजेक्शन दिलंय. उद्या संध्याकाळपर्यंत वाट बघायची, नाहीतर पोट उघडायचं. उघडलं तर वाचेल का, असं मी विचारलं, तेव्हा त्याने टेबलावरचं पेन उचलून सरळ करून ठेवलं. पेन सरळ करणं म्हणजे काय ते मला कळतं. मी स्वतः किती नातेवाइकांसमोर ते केलंय.

मीच रोज तिचं घर मोडत होते रे. आणि वर तिला बेशिस्त म्हणत होते.

वाळू नव्याने ओली करून भरली. चादर चारी बाजूंनी लावली. दिव्याचं बटण वायर ओढून दाराखालून बाहेर घेतलंय, म्हणजे तेवढ्यासाठी आत जायला नको. आता दाराला कुलूप घालते आणि किल्ली शिंपीणबाईच्या हवाली करते. मी पाया पडले तरी देऊ नकोस, असं तिला बजावलंय. ती म्हणाली, "तुम्ही पाया पडणार नाही, तुम्ही दार फोडाल." तेही खरंच.

घरात राहिले तर काही खरं नाही. कुठेतरी जाते.

ताई

३० मार्च

ताई,

तुझं १६ तारखेचं पत्र मिळालं. त्यानंतर काहीच नाही. दोन बंदरं गेली. दोन्हीकडे टपालाची पिशवी मी स्वतः उपसली, टपालवाल्याने हाकलून देईपर्यंत.

बाईसाहेब गेली असेल तर तसं लिही. मी लहान नाही. तुझा दोष नाही, असं मी आत्ताच लिहून ठेवतो, म्हणजे नंतर रागात वेगळं काही निघायला नको.

की माझं ते पत्र मिळालं म्हणून गप्प आहेस? त्यातलं खोटं काहीच नव्हतं. पण तू एकटी त्या बंद दाराबाहेर उभी असताना ते तुझ्या हातात पडलं असेल, हा विचार डोक्यातून जात नाही. हातून भात दोनदा करपला. कप्तानाने विचारलं, "घरी कुणी आजारी आहे का?" मी म्हणालो, "बहीण." का म्हणालो कोण जाणे. तू बरी आहेस ना?

एक ओळ पाठव. शिवी दिलीस तरी चालेल.

धाकला

५ एप्रिल

धाकल्या,

मी ठणठणीत आहे. बाईसाहेबही आहे. तुला तार करायला १८ तारखेला टपाल कचेरीत निघालेच होते. जिन्यात पोस्टमन भेटला, त्याने तुझं पत्र हातात दिलं. पायरीवर बसून वाचलं आणि तशीच वर आले. म्हटलं, तळमळू दे जरा. आता वाटतं, एवढं तळमळवायला नको होतं. पण तेव्हा वाटलं, त्याला काय करू?

आता नीट सगळं सांगते.

१७ तारखेला सकाळी मी घराबाहेर पडले. बाजारात दोन फेऱ्या झाल्या. बागेत बसले तर बाकावर ढेकूण असल्यासारखी उठले. पायांना दुसरी वाट ठाऊक नाही, ते मला माझ्या दवाखान्यातच घेऊन गेले. सूतिकागृहाच्या बाहेर तो लांब बाक आहे बघ, नातेवाइकांचा. इतक्या वर्षांत त्यावर मी एकदाही बसले नव्हते. त्यावर बसलेल्यांना दामटण्याचं काम माझं होतं. "बाहेर बसा. काही झालं की सांगू. सारखं सारखं विचारू नका." त्या दिवशी मी बसले.

आतून एक नवीन पोरगी आली. टोपी वाकडी. मला म्हणाली, "आजी, पाय आत घ्या, गाडी जायची आहे." मी घेतले. तिला सांगावंसं वाटलं, बये, या गाडीचं डावं चाक मी असतानाही कुरकुरायचं. नाही सांगितलं.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ. त्यांची लेक आत. दार जरा हललं की ते उठायचे, बंद झालं की बसायचे. मला विचारलं, "तुमचं कोण आत आहे?" म्हटलं, "घरचंच आहे." "पहिलंच?" म्हटलं, "पहिलंच." मग जरा वेळाने हळूच म्हणाले, "होईल ना हो नीट?"

धाकल्या, या प्रश्नाचं उत्तर मी आयुष्यभर न बघता दिलंय. होईल, होईल, बसा. त्या दिवशी मी म्हणाले, "मला माहीत नाही हो." मला वाटलं, म्हातारा खचणार. त्यांनी मान हलवली आणि सरकून माझ्या पिशवीला जागा करून दिली. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. दार इतकं वाईट दिसतं बाहेरून, मला कधी कुणी सांगितलंच नाही. की सांगत होते आणि मी ऐकत नव्हते?

त्यांच्या लेकीला मुलगी झाली. मी संध्याकाळी घरी आले तर गुरांचा डॉक्टर पिशवी घेऊन दारात आणि शिंपीणबाई किल्ली घेऊन. डॉक्टर म्हणाला, "चला, बघू." मी दाराला कान लावला. आतून आवाज येत होता. बादलीवर वाळू उडते तसा, थांबून थांबून. आणि मग थांबला तो थांबलाच. डॉक्टर म्हणाला, "बाई, उघडा. दमून पडली असेल. मग उशीर झाला तर मला बोल लावू नका." किल्ली माझ्या हातात होती. मी पाया पडण्याआधीच शिंपीणबाईने दिली. मला खरंच कळेना, आत ती मरते आहे की काम करते आहे. माझ्या बोटांना सगळं कळतं ना? त्या दाराबाहेर काही कळेना.

मी म्हणाले, "सकाळपर्यंत थांबू." आवाज माझाच होता, पण ऐकून मीच दचकले. बाहेरूनच दिवा बंद केला. ती रात्र कशी गेली ते विचारू नकोस.

सकाळी उघडलं. बाईसाहेब वरच्या फांदीवर. पोट खपाटीला, कातडी सैल, डोक्यापासून शेपटीपर्यंत वाळू, आणि रंग हिरवागार. वाळू अशी सारखी केलेली की माझ्या वॉर्डातही कुणाला जमली नसती. पानांवर पाणी शिंपडलं तर किती वेळ पीत राहिली. मी रडले. शिंपीणबाईही रडली, तिला तर सरडीची किळस आहे. नंतर उकरून पाहिलं, ओंजळ भरून अंडी निघाली, पांढरीशुभ्र. त्यातून काही निघायचं नाही, म्हणून टाकून दिली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आता बाईसाहेब दोन वेळा खाते आणि मला बघून पुन्हा फिस्कारते.

आता तुझ्या पत्राचं. दोनदाच वाचलं, पुरे झालं. टॉर्चचं खरं आहे. आई झोपेत गेली होती, सकाळपर्यंत कुणाला कळलं नाही. तेव्हापासून झोपलेल्या माणसावर माझा विश्वास नाही. हे तुला कधी सांगितलं नाही, तू लहान होतास. नंतर तू मोठा झालास ते माझ्या लक्षात आलं नाही. मीठ मात्र कमीच होतं.

तुला पोहता येत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. ते वाचल्यापासून मला घास गिळवत नाही. पण लिहीत नाही काही. बघ, जमतंय.

तू सुट्टीवर येशील तेव्हा मी दारात उभी राहणार नाही. पूर्वी तुझी बोट लागायच्या दिवशी सकाळपासून उभी असायचे, तुला आवडायचं नाही, तू कोपऱ्यावरूनच तोंड वाकडं करत यायचास. या वेळी मी बाजारात जाईन. किल्ली शिंपीणबाईकडे असेल. सावकाश ये, आंघोळ कर, बाईसाहेबांना भेट. मी आपली अंधार पडायच्या आत येईन.

तुझी ताई

२१ एप्रिल

ताई,

पत्र मिळालं. भटारखान्यात वाचून दाखवलं नाही. कोठारात पोत्यावर बसून एकट्यानेच वाचलं.

आईचं मला माहीत नव्हतं.

पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला बोट लागते. सामान उतरवून घरी पोचायला दुपार होईल, कदाचित संध्याकाळही. किती वाजतील ते सांगता येत नाही.

त्या दिवशी बाजारात जाऊ नकोस. किल्ली कुणाकडे ठेवू नकोस. दारात उभी राहा. मी तोंड वाकडं करीन, तिकडे लक्ष देऊ नकोस. कोपऱ्यावरून वळल्यावर तू दिसली नाहीस तर मला पुढे चालवणार नाही.

धाकला